तिसरी काचपट्टी

९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन येऊन गेला. "ताई, हे म्हणतायत, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय," असं तिने फार गोड आवाजात सांगितलं. सहा वर्षांत तुला स्वतःला फोन करायला सवड झाली नाही, तेव्हा बायकोच्या तोंडून का होईना, माझ्या डोक्याची चौकशी झाली याचंच कौतुक. तिला म्हटलं, डोकं जागेवर आहे, फक्त पत्ता बदललाय.

तर होय, घेतलं मी घर. राहता फ्लॅट विकला, निवृत्तीची रक्कम त्यात घातली आणि जुन्या गल्लीतलं मधलं घर घेतलं. चार मजले, अरुंद आणि उंच, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजारच्या घरांशी सामाईक. एका मजल्यावर एक कुटुंब राहावं अशी बांधणी. दीडशे वर्षांचं आहे, म्हणजे आपल्या दोघांच्या वयाची बेरीज करूनही त्याच्यापुढे आपण लहानच. या वयात शहाण्या बायका बँकेत ठेवी ठेवतात आणि गुडघे सांभाळतात, हे मला माहीत आहे. माझे गुडघे रोज साठ पायऱ्या चढतात आणि अजून तरी त्यांनी तक्रार केलेली नाही.

गल्ली तू आता ओळखणार नाहीस. छापखान्याच्या जागी व्यायामशाळा आली आहे. पूर्वी तिथे हमाल पैसे घेऊन वजनं उचलायचे, आता लोक पैसे देऊन उचलतात. कोपऱ्यावर कॉफीचं दुकान झालंय, त्याच्या मालकाने नव्या भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या केल्यात. माझ्या जिन्यातल्या विटा फुकट उघड्या आहेत, पण त्या म्हणे धोकादायक.

तुला जे खुपतंय ते यापुढचं आहे. हे घर बावीस वर्षं धोकादायक इमारतींच्या यादीत आहे. म्हणून तर मला परवडलं. आता नवा नियम आलाय, यादीतल्या प्रत्येक घराचा यंदा सोक्षमोक्ष लावायचा. तीस सप्टेंबरपर्यंत भिंत स्थिर आहे असं मालकाने सिद्ध केलं तर यादीतून नाव काढायचं, नाही तर घर पाडायचं. मालक म्हणजे मी. घर पडलं तर मी रस्त्यावर, आणि माझ्याबरोबर आणखी दोन कुटुंबं.

यादीत ते घर कोणाच्या सहीने गेलं, हे तुला सांगायला नको. एकोणतीस वर्षं मी महापालिकेच्या मोजणी विभागात भिंतींचे तडे मोजले. हजारो कागदांवर सही केली. त्यातल्या एका कागदाने मला अजून झोप लागू दिलेली नाही.

आई गेली त्या आठवड्यात मी तुला एक प्रश्न विचारला होता आणि तू चपला पायात सरकवून निघून गेलास. आज तो प्रश्न परत विचारत नाही. आज फक्त बातमी कळवतेय. मी गुंतवणूक केली आहे, आणि मी ती मागे घेणार नाही.

— ताई


३ मार्च

धाकट्या,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. पण माझ्या पत्रांची तुला सवय होईल, कारण आता मी नेमाने लिहिणार आहे.

सामान लागलं आता. दुसऱ्या मजल्यावर माझं बिऱ्हाड. पहिल्यावर एक नर्सबाई आणि तिची आई. नर्सबाई बोलायला फटकळ आहे. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मालकीणबाई, नळाला पाणी करंगळीएवढं येतं. भाडं पण तेवढंच देऊ का?" मी म्हटलं, नळ आधी, भाडं नंतर. तेव्हापासून आमचं जमलंय. तिसरा मजला रिकामा आहे. वरचं छप्पर गळतं, म्हणून तिथे कोणी टिकत नाही.

तळमजल्यावर घड्याळकाका. पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत संसार. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. बावीस वर्षांपूर्वी नोटिसा लागल्या तेव्हा या घरातून तीन कुटुंबं बोचकी बांधून गेली. हा एकटा माणूस हलला नाही. पोलीस आले तेव्हा म्हणे टेबलावरच्या घड्याळाची पेटी उघडी ठेवून बसले होते, "स्प्रिंग हातात आहे, सोडली तर डोळा जाईल, जरा थांबा." पोलीस थांबले आणि कंटाळून गेले. काकांनी ती स्प्रिंग बावीस वर्षं धरून ठेवली आहे, असं नर्सबाई म्हणते.

मी आल्या आल्या कामाला लागले. तू विसरला असशील म्हणून लिहिते. वीतभर काचेची पट्टी घ्यायची, तड्यावर आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना प्लॅस्टरचा गोळा दाबायचा आणि काचेवर रंगाने तारीख घालायची. भिंत केसाएवढी जरी सरकली तरी काच तडकते. भिंत स्वस्थ असली तर काच शाबूत राहते. याहून मोठं शास्त्र त्यात नाही. आणि एकच नियम आहे, जो पट्टी लावतो त्यानेच ती तपासायची. दुसऱ्याच्या डोळ्यांवर सही करायची नाही. हा नियम मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायचे.

सात पट्ट्या लावल्या. जिन्यात चार, माझ्या खोलीत एक, नर्सबाईकडे एक, काकांच्या मागच्या खोलीत एक. काका माझ्यामागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "तुमचा सात मी ओळखला. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची खोड तुमची. त्या वेळीही तुम्हीच लावल्या होत्यात."

मी म्हटलं, "हो."

"तपासायला मात्र एक तरुण पोरगा आला. वर गेला, पाच मिनिटांत खाली. माझ्याकडे आलासुद्धा नाही. दुकानासमोरून जाताना दिसलं, त्याच्या हातातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं, तेवढं माझ्या लक्षात राहिलं. कोण होता तो?"

मी म्हटलं, "ऑफिसातला कोणीतरी असेल."

असं मी म्हटलं. साठीला आलेली बाई एका म्हाताऱ्या माणसाशी त्याच्याच दारात उभी राहून खोटं बोलली. हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

— ताई


२० एप्रिल

धाकट्या,

आज माझ्याकडे एक पाहुणा आला होता. बूट इतके चकचकीत होते की मी त्याचं नाव बुटवालाच ठेवलंय. जिन्यात त्याने प्रत्येक पायरीवर आधी टाच टेकवून पाहिली आणि मग पाय टाकला. वर आला, खुर्चीवर रुमाल पसरून बसला, आणि मला म्हणाला, "तुम्ही एकट्या बाई, मॅडम. जुन्या घराचा व्याप एकट्या बाईला झेपत नाही."

मी म्हटलं, "एकटी कुठे? खाली तिघं आहेत, आणि तुम्हीही आलातच."

त्याचं म्हणणं असं की डावीकडची दोन्ही घरं त्याच्या कंपनीने घेतली आहेत, उजवीकडच्याशी बोलणी चालू आहेत, मध्ये हे एकच अडलंय. सगळं पाडून काचेची उंच इमारत व्हायची आहे. मला तिच्यात चौदाव्या मजल्यावर एक फ्लॅट. घड्याळकाकांना? "त्यांची काहीतरी सोय करू." नर्सबाईला? "भाडेकरूंचं काय असतं, मॅडम, ते कुठेही जमवून घेतात."

मग त्याने करारपत्राचा मसुदा पुढे केला. पहिल्याच पानावर कंपनीचे भागीदार. तिसऱ्या ओळीत तुझं नाव.

धाकट्या, मला तेव्हा काय वाटलं ते स्पष्ट लिहिते. मला लाज वाटली. तुझी नाही, माझी. मी दोन महिने धरून चालले होते की तू मला वेडी म्हणतोस ते काळजीपोटी. कुठेतरी बरंही वाटत होतं. आणि तू मला वेडी म्हणत होतास कारण मी तुझ्या इमारतीच्या मधोमध बसले आहे!

बुटवाल्याला मी चहा पाजला. मसुदा परत दिला. म्हटलं, "तिसऱ्या ओळीतल्या साहेबांना सांगा, त्यांच्या बहिणीला चौदावा मजला फार उंच होतो. जिना चढायची सवय असलेल्यांना लिफ्टमध्ये गुदमरतं." तो माझ्याकडे पाहतच राहिला. तू त्याला सांगितलं नव्हतंस ना, की मी तुझी कोण? उतरताना त्याने एकाही पायरीवर टाच टेकवून पाहिली नाही.

तो गेल्यावर मी सगळ्या पट्ट्या पुन्हा तपासल्या. सातही शाबूत होत्या.

— ताई


११ जून

धाकट्या,

हे पत्र नीट बसून वाच. बायकोला वाचायला देऊ नकोस.

छप्पर दुरुस्त करायला घेतलं. त्यासाठी तिसऱ्या मजल्यावरची मोठी खोली मोकळी करायची होती. तिथे एक अवाढव्य शिसवी कपाट आहे. पूर्वी त्या खोलीत गाणं शिकवणाऱ्या बाई राहायच्या, त्यांचं. ते खोलीतच जोडलेलं असल्याने जिन्यातून बाहेर जाईना, म्हणून घर सोडताना त्या टाकून गेल्या. सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "हे सुटं केल्याशिवाय बाहेर निघायचं नाही." दुपारभर खिळे काढत बसला. पाठची फळी निघाली आणि मला हाक मारली, "ताई, भिंतीला काहीतरी डकवलंय बघा."

काचपट्टी होती.

वीतभर काच, दोन्ही टोकांना पिवळं पडलेलं प्लॅस्टर, वर हिरव्या रंगात तारीख. सतरा मार्च. सातच्या पोटात आडवी रेघ. बावीस वर्षांपूर्वीची. मी चष्मा पुसला. बोटाने चाचपली. सुताराकडून बॅटरी घेतली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. केसाएवढीही चीर नाही, धाकट्या. बावीस वर्षं भिंत जिथल्या तिथे आहे.

गाणाऱ्या बाई मला आठवल्या. सरकारी प्लॅस्टरचे गोळे भिंतीवर बरे दिसत नाहीत म्हणून तेव्हाही कुरकुरल्या होत्या. शिकायला येणाऱ्या मुलींच्या आया काय म्हणतील, असं त्यांचं दुखणं. मी पाठ फिरवल्यावर त्यांनी त्या मुलींच्या मदतीने कपाट पट्टीपुढे सरकवून ती झाकून टाकली असणार. मोजणी विभागात आम्ही अशा बायकांवर फार चिडायचो. आज त्या भेटल्या असत्या तर मी पायाच पडले असते.

कारण तू आलास तेव्हा तुला दोनच पट्ट्या सापडल्या. जिन्यातली आणि मधल्या बोळातली. त्या तू फोडल्यास. तिसरी दिसली नाही, म्हणून कपाटाआड शोधण्याचे कष्टही घेतले नाहीस. आणि मला येऊन सांगितलंस, "ताई, तिन्ही फुटल्यात. भिंत चालली."

आणि मी लिहिलं, "तिन्ही फुटल्या. तडा वाढतो आहे." खाली सही.

आता माझं ऐक. मी साळसूदपणे सगळं तुझ्यावर ढकलणार नाही. आईला त्या आठवड्यात दवाखान्यात हलवलं होतं. मी तिच्या उशाशी होते, आणि तूच म्हणालास, "ताई, मी जातो तुझ्या जागी, काच फुटली की नाही एवढंच बघायचं ना?" नियम मला पाठ होता, तरी मी तुला पाठवलं. मग दोन दिवसांत आईच्या शस्त्रक्रियेचे पैसे उभे राहिले. तू तेव्हा गल्लीवर डोळा असलेल्या बिल्डरच्या हाताखाली लागून तीन महिने झाले होते, तुझ्याकडे बसच्या पासाचे पैसे नसायचे. मी विचारलं नाही पैसे कुठून आले. विचारलं नाही म्हणजे मला कळलं नव्हतं, असं नाही. आई जिवंत असेपर्यंत सोळा वर्षं मी मूग गिळून बसले, कारण उत्तर ऐकल्यावर तिच्याकडे बघायचं कसं, हे मला ठरवता येईना. ती गेल्यावर विचारलं, आणि तू निघून गेलास.

आई सोळा वर्षं जगली. ती वर्षं मला परत करायची नाहीत. पण त्यांच्यासाठी तीन कुटुंबांचं घर सुटलं आणि त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही.

त्या वेळी तुझ्या बिल्डरचा धंदा बुडाला आणि गल्ली वाचली. आता तू तेच काम पुरं करायला निघालायस, या वेळी भागीदार म्हणून.

ही पट्टी मी सुनावणीत ठेवणार आहे. भिंतीच्या तुकड्यासकट कापून घेतली आहे, सुतार आणि नर्सबाई साक्षीला आहेत. पट्टी ठेवली की पहिला प्रश्न मलाच विचारला जाईल. मग तिन्ही फुटल्या असं लिहिलंत कसं? त्याचं उत्तर मी देणार आहे.

— ताई


२ जुलै

धाकट्या,

सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चारच ओळी, पण हाताने लिहिलेल्या. "ताई, ती काच फेकून दे. चौकशी लागली तर तुझं पेन्शन जाईल. माझा धंदा जाईल. मेलेल्या आईला यात कशाला ओढतेस?"

क्रमाने उत्तर देते. काच फेकणार नाही. पेन्शनचं म्हणशील तर जाऊ दे. मला शिवण येतं, हिशेब येतो, आणि नर्सबाईच्या आईला दुपारी सोबतीला कोणीतरी लागतंच. उपाशी मरणार नाही, एवढी खात्री बाळग. तुझा धंदा तू कुठल्या पायावर उभा केलास ते तू बघ, मी फक्त भिंती तपासते.

आणि आईला मी ओढलं नाही. ती त्यात आहेच. तिला माहीत होतं, धाकट्या. दवाखान्यातून घरी आल्यावर एकदा मला म्हणाली, "त्याने काहीतरी केलंय. मला सांगू नका, पण तुम्ही दोघं एकमेकांना सांगा." आपण सांगितलं नाही. मी आता सांगतेय.

धमकी देत असशील तर नीट दे. चार ओळींत धमकी होत नाही, तेवढ्यात फक्त भीती दिसते.

— ताई


१९ ऑगस्ट

धाकट्या,

तुमच्या लोकांनी डावीकडचं घर पाडायला घेतलं. सुनावणी तोंडावर असताना. योगायोगच असेल!

सकाळी आठला यंत्र सुरू होतं आणि घड्याळकाकांच्या भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम थरथरतात. काका म्हणतात, चाळीस वर्षांत सगळी एका सुरात कधी वाजली नव्हती. आम्ही तिघं रोज पट्ट्यांची फेरी मारतो. नर्सबाई ड्यूटीवरून आली की आधी जिन्यातल्या चार बघते, मग चप्पल काढते.

गेल्या आठवड्यात जिन्यातली तिसरी फुटली.

मी पायरीवर बसूनच राहिले. मधोमध सरळ चीर. नर्सबाई माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "काच किती रुपयाची असते? नवी लावा, त्यावर जुनी तारीख घाला. तुमचं अक्षर, तुमचा सात. कुणाच्या बापाला कळणार नाही. ताई, माझी आई चालू शकत नाही, मी तिला घेऊन कुठे जाऊ?"

तिचं चुकलं असं मला वाटलंच नाही. त्या क्षणी मला तू समजलास, धाकट्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आई खाटेवर असते, आणि मध्ये फक्त एक काच असते.

पण मी पट्टी बदलली नाही. फुटलेल्या काचेवर त्या दिवसाची तारीख घातली, वेळ घातली, आणि खाली लिहिलं, "शेजारी यंत्राने पाडकाम चालू." तोच मजकूर विभागाला कळवला. नर्सबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली, म्हणाली, "बाकीच्या सहा शाबूत आहेत, आत्ताच बघून आले," आणि दार आपटून गेली.

— ताई


१ ऑक्टोबर

धाकट्या,

सुनावणी झाली. तुला तुझ्या वकिलाकडून कळलंच असेल, पण त्याने घाम पुसता पुसता काय सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून मी सांगते.

खुर्चीत बसलेली अधिकारी म्हणजे माझ्याच हाताखाली काचपट्टी धरायला शिकलेली मुलगी. ओळख दाखवली नाही तिने, आणि ते बरंच केलं. तुमच्या बाजूला बुटवाला आणि वकील. माझ्या बाजूला घड्याळकाका, त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नर्सबाई रजा टाकून आली होती.

मी आधी फुटलेली पट्टी ठेवली. वकील खूश. म्हणाला, "बघा, मालकीणबाई स्वतःच कबूल करतायत." तेव्हा अधिकारी बाईंनी काचेवरची तारीख वाचली, आमचं पत्र काढलं, पाडकामाच्या परवानगीचा कागद मागवला, आणि त्यात यंत्र वापरायची परवानगीच नव्हती. वकिलाचा चेहरा उतरला. मग मी शाबूत सहा पट्ट्यांची नोंद दिली. मग रुमालातून ती जुनी पट्टी काढली.

त्यांनी ती उजेडात धरली. बराच वेळ पाहिली. मग जुना कागद पाहिला, माझी सही पाहिली. विचारलं, "या कागदावर तिन्ही फुटल्या असं आहे. तपासणी तुम्ही केलीत?"

"नाही. सही माझी आहे, तपासणी माझी नाही. मी नियम मोडला."

"मग कोणी केली?"

मी प्रतिज्ञापत्रात एवढंच लिहिलं होतं की मी स्वतः गेले नव्हते. पुढचं तिथे ठरवू म्हटलं होतं. खरं सांगू? मी घरून निघताना ठरवलं होतं की आठवत नाही म्हणून सांगायचं. सगळं माझ्यावर घ्यायचं. आपल्या घरात तेच चालत आलंय, धाकट्याने फोडायचं आणि ताईने उचलायचं. मग माझी नजर काकांकडे गेली. ते काही रागाने पाहत नव्हते. त्यांना फक्त उत्तर हवं होतं. मार्चपासून हवं होतं.

मी म्हटलं, "माझ्या भावाने."

"पूर्ण नाव?"

मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या आपल्या वडिलांच्या नावासकट. त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं होतं, जीभ अडखळेल. नाही अडखळली. तू पाच वर्षांचा असताना तुला शाळेत घालायला मीच गेले होते, आईला कामावरून सुटी मिळाली नव्हती. तिथेही टेबलापलीकडच्या बाईंनी असंच विचारलं होतं, आणि तू माझ्यामागे लपला होतास. तेव्हा छातीठोकपणे तुझं नाव सांगितलं होतं. आताही तसंच सांगितलं.

निकाल असा. घराचं नाव यादीतून काढलं. डावीकडचं पाडकाम थांबवलं, आणि त्या बाजूची भिंत लोखंडी पट्ट्यांनी बांधून द्यायची, ती तुमच्या कंपनीने. वर्षभर तपासणी चालू. माझ्यावर चौकशी लागलीय. पेन्शन निम्मं होईल, कदाचित पूर्ण थांबेल. तुला बोलावणं येईल. चुकवू नकोस.

घरी आल्यावर काकांनी दुकान उघडलं नाही. आम्ही तिघं जिन्यातच बसून चहा प्यायलो. नर्सबाई म्हणाली, "आता नळ." नळाचं काम सोमवारपासून आहे.

तू विचारशील, ताई, मिळालं काय तुला? मी एक घर घेतलं, ज्याच्याबद्दल माझ्या सहीने खोटं लिहिलं गेलं होतं, आणि ते खोडून घेतलं. यापेक्षा चांगली गुंतवणूक तुझ्या चौदाव्या मजल्यावर असेल तर मला कळव. तुला खाली ओढल्याचा मला आनंद नाही. पण वाईटही वाटत नाही. तू रागावशील, मग गप्प बसशील, मग कधीतरी तुला हलकं वाटेल. मला वाटतंय आज.

आता शेवटचं. तिसऱ्या मजल्यावरची खोली कोरडी झाली आहे. कपाट सुताराने परत जोडलं, पण दुसऱ्या भिंतीला. जुनी पट्टी कापून नेली तिथे भिंतीत वीतभर जागा मोकळी आहे. नवी काच कापून ठेवली आहे, प्लॅस्टरची पिशवी खिडकीत आहे. तारीख घातलेली नाही. ती पट्टी मी लावणार नाही. तू लावायचीस. आणि जो लावतो त्यानेच तपासायची, दर तीन महिन्यांनी, हा नियम तुला माहीत आहे.

किल्ली घड्याळकाकांकडे ठेवली आहे. ते तुला ओळखतील. या वेळी घड्याळ बरोबर लावून ये.

— ताई